बार भरण्याचा अवकाश : कूपरच्या कादंबऱ्यांतील ठासणीची बंदूक

जेम्स फेनिमोर कूपर (१७८९-१८५१) याच्या ‘लेदर-स्टॉकिंग’ कथामालेवर आजवर जी टीका झाली तिचा मोठा भाग नायकाच्या नजरेविषयी व त्याच्या मनोवृत्तीविषयी आहे. मार्क ट्वेनने १८९५ साली ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात कूपरच्या वाङ्मयीन अपराधांचा जो पाढा वाचला, त्यात नॅटी बम्पोच्या अचाट नेमबाजीची यथेच्छ थट्टा आहे. डी. एच. लॉरेन्सने १९२३ मध्ये याच नॅटीच्या ठायी अमेरिकन मनाच्या तळाशी वसणारा एकाकी व निर्विकार मारेकरी पाहिला. हेन्‍री नॅश स्मिथने १९५० मध्ये त्याला अरण्य आणि वसाहत यांच्या सीमेवर उभे करून त्याचे सामाजिक स्थान निश्चित केले. तिन्ही विवेचने आपापल्या परीने मार्मिक आहेत. तथापि नॅटी ज्या हत्याराने हरिण मारतो आणि पुढे माणूस मारतो, ते हत्यार कसे भरले जाते हा प्रश्न त्यांपैकी एकाच्याही केंद्रस्थानी नाही. प्रस्तुत लेखात तो केंद्रस्थानी घेतला आहे, आणि तसे केल्याने कूपरच्या गुणदोषांविषयीचा आपला निर्णय थोडा बदलावा लागतो, असे सुचवावयाचे आहे.

हे हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. इंग्रजीत तिला जे नाव आहे त्यात ती तोंडाकडून भरतात एवढाच अर्थ सामावतो. मराठी नावात गजाने ठासण्याची क्रियाच बोलते. आपल्या भाषेत या हत्याराचा सगळा संसार एके काळी नांदत होता : दारूचे शिंग, गज, कान, कानावर टाकावयाची बारीक दारू म्हणजे रंजक, तोड्याची बंदूक आणि तिच्या मागून आलेली चकमकीची व टोपीची बंदूक. काडतुसाच्या बंदुका आल्या आणि हे शब्द अडगळीत गेले. ‘फुसका बार’ तेवढा बोलण्यात उरला, परंतु तो कशाने फुसका होतो हे सांगू शकणारा माणूस आज क्वचितच भेटेल. ‘द डीअरस्लेअर’मधील तळ्याकाठच्या झुंजीचा प्रसंग वर्गात वाचत असता एका विद्यार्थ्याने विचारले होते, ‘पण तो लगेच दुसरी गोळी का झाडीत नाही?’ वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न टीकाग्रंथांतील पुष्कळ प्रश्नांहून अधिक महत्त्वाचा वाटला. दुसरी गोळी नसते. ती तयार करावी लागते, आणि त्यास वेळ लागतो. कूपरच्या उत्तम प्रसंगांचा प्राण या वेळात आहे.

म्हणून प्रथम बार कसा भरतात हे समजून घेणे अवश्य आहे. टीकालेखात हा तपशील कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु घोड्यावर कसे बसतात हे ठाऊक नसलेल्याने पोवाड्यावर लिहावे तसाच तो प्रकार होईल. चकमकीच्या रायफलीत बार भरणारा शहाणा माणूस प्रथम गज नळीत सोडून नळी रिकामी आहे ना, हे पाहतो. कारण भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून ओळखता येत नाही, आणि एका बारावर दुसरा चढविला तर नळी फुटण्याचे भय असते. मग नळीचे तोंड चेहऱ्यापासून दूर धरून तो मापाने मोजलेली दारू आत सोडतो. शिंगातून थेट नळीत दारू ओतणे हा मूर्खपणा समजला जातो : मागल्या बाराची एखादी ठिणगी बुडाशी धुगधुगत असली तर सगळे शिंग हातातच पेट घेते, माप मध्ये असले म्हणजे पेटली तर तेवढीच दारू पेटते. ही दारू काळीच हवी, अथवा या बंदुकांसाठी म्हणून तयार केलेला तिचा पर्याय हवा. काडतुसांतील धूररहित दारूचा दाब या नळीसाठी नाही. ती थोडी जरी घातली तरी बंदूक फुटून भरणाऱ्याचा हात वा डोळा जाऊ शकतो, आणि आजही या छंदातील वाईट अपघातांत ही चूक आढळते.

दारूवर चरबी लावलेली चिंधी अथवा पातळ कातडे आणि त्यात बसविलेली शिशाची गोल गोळी येते. नळीच्या आत पेच कोरलेले असल्यामुळे गोळी सहज उतरत नाही. ती ठासावी लागते, आणि ठासताना गज थोड्या अंतरावर धरून टप्प्याटप्प्याने दाबावा लागतो, नाहीतर लाकडी गज मोडून तळहातात शिरतो. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगते, प्रसंगी फुटते. यासाठी माहीतगार लोक गजावर खूण करून ठेवतात. ती खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे बार पुरता बसला असे समजावयाचे. गज बाहेर काढून जागच्या जागी लावावयाचा. कानाजवळच्या वाटीत रंजक सर्वांत शेवटी घालावयाची, कारण ती पडेपर्यंत बंदूक पुरती जिवंत झालेली नसते. घोडा ओढला, चाप दाबला आणि बार उडाला नाही, तर नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबावयाचे. आत दारू धुमसत असेल तर ती उशिराही उडते. एवढे सगळे करावयास सरावलेल्या हातालाही अर्धे-पाऊण मिनिट लागते, आणि तेवढ्यात हरिण दोन टेकड्या ओलांडून जाते.

आता कूपरकडे वळू. या मालेचा एक चमत्कार सर्वश्रुत आहे. कूपरने नायकाचे वार्धक्य आधी लिहिले आणि तारुण्य शेवटी : ‘द पायोनिअर्स’ १८२३, ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ १८२६, ‘द प्रेअरी’ १८२७, ‘द पाथफाइंडर’ १८४० आणि ‘द डीअरस्लेअर’ १८४१. म्हणजे नॅटीला त्याची नामांकित बंदूक कशी मिळाली हे वाचकाला शेवटच्या पुस्तकात कळते, आणि तोवर ती बंदूक चार कादंबऱ्यांतून म्हातारी होऊन गेलेली असते. परंतु बंदुकीच्या निवडीचा प्रश्न मात्र पहिल्या पुस्तकाच्या अगदी आरंभीच उभा राहतो.

‘द पायोनिअर्स’ १७९३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सुरू होते. ऑट्सीगो तळ्याच्या परिसरातील वसाहतीचा मालक न्यायाधीश टेम्पल मुलीला घेऊन बर्फावरील गाडीतून घरी चालला असता एक हरिण समोर येते, आणि तो गाडीतील बंदूक उचलून दोन बार झाडतो. हरिण पडते, पण दुसऱ्याच दिशेने नॅटी आणि एक अनोळखी तरुण पुढे येतात आणि हरिण आपले असल्याचे सांगतात. वाद लागतो. न्यायाधीशाची बंदूक गुळगुळीत नळीची, मोठ्या छर्ऱ्यांनी भरलेली. नॅटीची रायफल लांब, पेचदार नळीची, एका गोळीची. तरुण शांतपणे विचारतो की बारात छर्रे किती होते. पाच, असे उत्तर येते. तो जवळच्या झाडात रुतलेले चार छर्रे दाखवितो. पाचवा कोठे गेला असे विचारताच तो अंगावरचा जाडाभरडा कोट बाजूला करतो. पाचवा त्याच्या खांद्यात शिरलेला असतो.

कूपरच्या साऱ्या लेखनात याहून नेमका आरंभ मला दुसरा आढळत नाही. हरिण कोणाचे, जमीन कोणाची, कायदा कोणाचा हे कादंबरीचे सर्व पुढील प्रश्न त्याने बंदुकीच्या भरण्यातून काढले आहेत. पाच छर्रे भरणारा मनुष्य नशिबावर भरवसा ठेवतो आणि उरलेल्या चारांचे काय होते याचा विचार करीत नाही; आणि हा मनुष्य दुष्ट नाही, चांगला आहे, कायदे करणारा आहे. त्याची चूक चाप ओढण्याच्या क्षणी झालेली नाही. ती घरून निघण्यापूर्वी, बंदूक निवडताना व भरतानाच झालेली आहे.

हरणासाठी पहिली ठासणीची बंदूक घेऊ पाहणाऱ्याला अमेरिकेत आजही याच प्रश्नाशी यावे लागते, मात्र तो आता अधिक बारीक झाला आहे. पेच किती इंचांत एक वेढा घेतो यावर ती बंदूक कोणती गोळी नीट फेकील हे ठरते : साठ-सत्तर इंचांत एक वेढा असेल तर चिंधीतली गोल गोळी, अठ्ठावीस इंचांच्या आसपास असेल तर लांबट गोळी; अठ्ठेचाळीस इंचांचा वेढा ही दोहोंमधली तडजोड. चकमक की टोपी, हा दुसरा प्रश्न. टोपी पावसात अधिक विश्वासाची. चकमक दव आणि वारा दोहोंनाही भिते. दुकानदार गिऱ्हाइकाला बहुधा लांब पल्ल्याची भुरळ घालतो. वस्तुतः नवख्याने पहावयाचे ते एवढेच की बंदूक खांद्याला बसते का, तिच्या मापाची दारू आणि गोळी तिच्यासोबत जुळवून पाहिली आहे का, आणि एकाच गोळीत हरिण पडेल इतके जवळ जाण्याची आपली तयारी आहे का. नॅटीला यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. न्यायाधीशाला तो प्रश्नच पडत नाही.

याच कादंबरीत नाताळच्या दिवशी टर्की पक्ष्यावर नेमबाजीची शर्यत लागते. पक्षी बर्फात पुरलेला, डोके तेवढे वर. नॅटी नेम धरतो, चाप ओढतो, आणि चकमक नुसती खटकते. बार उडत नाही. पक्ष्यांचा मालक ब्रॉम मोठ्याने हक्क सांगतो की खटका म्हणजे बारच, नॅटीची पाळी गेली. वाद होतो, आणि निवाडा नॅटीच्या विरुद्ध जातो : नव्याने पैसे भरल्यावाचून दुसरी संधी नाही. पुढे तो पक्षी पाडतो हे अपेक्षितच आहे. पण खटक्याला बार मानावयाचे की नाही, हा विनोदी वाटणारा वाद कूपरने उगाच घातलेला नाही. अरण्यात न उडालेला बार ही शिकाऱ्याची आणि त्याच्या हत्याराची आपसांतील गोष्ट असते. वसाहतीत तिला किंमत लागते, पंच लागतो, निवाडा लागतो. काही महिन्यांनी तोच नॅटी बंदीच्या हंगामात तळ्यातून पोहत जाणारे हरिण सुऱ्याने मारतो आणि अखेर तुरुंगात जातो. या शेवटच्या प्रकारात बंदूक वापरलेलीच नाही, हे येथे नमूद करणे जरूर आहे. पुढे त्याचा उपयोग होईल.

मात्र या विषयाचा खरा गाभा ‘द डीअरस्लेअर’च्या सातव्या प्रकरणात आहे. काळ १७४०च्या दशकातील. नॅटी तरुण आहे, हरणे पुष्कळ मारली म्हणून त्याला हे नाव पडले आहे, परंतु माणूस त्याने अद्याप मारलेला नाही. तळ्यात वाहून गेलेली होडी परत आणण्यास तो एकटा किनाऱ्याला लागतो. झाडीतून एक ह्यूरन योद्धा त्याच्यावर गोळी झाडतो, ती चुकते. नॅटी किनाऱ्यावर उतरून झाडाच्या आडोशाला जातो, आणि त्याला ओकच्या बुंध्यामागून त्या योद्ध्याचा हात दिसतो. तो हात कातड्यात गुंडाळलेली गोळी नळीत ठाशीत आहे. नॅटीची बंदूक भरलेली, शत्रूची रिकामी. पुढे धावून जाणे आणि चाप ओढणे एवढेच करावयाचे आहे. आणि नॅटी थांबतो. त्याला भरू दे, मग दोघे बरोबरीने पाहून घेऊ, असे तो मनाशी ठरवितो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. काडतुसाच्या बंदुकीच्या काळात हा प्रसंग लिहिताच आला नसता. शत्रूच्या असहायतेचा कालखंड अर्ध्या मिनिटाइतका लांब असला पाहिजे, तो डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि त्या वेळात विचार करण्यास जागा असली पाहिजे. गजाची वरखाली होणारी हालचाल ही येथे घड्याळाचे काम करते. कूपर एरवी जेथे पानेच्या पाने उपदेश घालतो तेथे त्याने या ठिकाणी एक हात दाखविला आहे, आणि तेवढ्याने भागले आहे.

पुढचा भागही याच शिस्तीने चालतो. दोघे समोरासमोर येतात, होडीच्या मालकीविषयी बोलतात, तंटा मिटल्यासारखा होतो. मग योद्धा झाडीतून कपटाने नेम धरतो आणि दोन्ही बार जवळजवळ एकदमच उडतात. नॅटीच्या कुशीला गोळी चाटून जाते. योद्धा वर्मी लागूनही परशू घेऊन धावत येतो, आणि नॅटी? तो रिकामी बंदूक घेऊन उभा आहे, आणि त्याचा हात सवयीने दारूचे शिंग व माप चाचपडत आहे. समोरून मृत्यू येत असता शिकाऱ्याचा हात मापाकडे जातो. शिंगातून भसकन ओतावे असे त्या हाताला सुचतही नाही. कूपरच्या निरीक्षणशक्तीवर ट्वेनने जे आक्षेप घेतले आहेत ते पुष्कळसे खरे आहेत. पण ज्याने हे वाक्य लिहिले त्याने बंदूक भरणारा माणूस जवळून पाहिलेला होता, किंवा निदान तसा पाहिलेल्याचे ऐकलेले होते, याविषयी मला शंका वाटत नाही.

येथेच कूपरची मोठी उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती ट्वेनच्या यादीत नाही. शत्रूला बार भरू देण्याचा निर्णय नॅटी स्वतःच्या विवेकाचा म्हणून घेत नाही. तो म्हणतो की तांबड्या माणसाच्या युद्धनीतीत हे चालेल, गोऱ्या ख्रिस्ती माणसाच्या स्वभावधर्मात ते बसत नाही. म्हणजे क्षण निर्माण केला हत्याराने, निर्णय घेतला एका माणसाने, आणि श्रेय मात्र लाटले वंशाने. पुढे योद्ध्याने कपट करावयाचे, हेही त्याच हिशेबात आधीच ठरून गेले आहे. न्याय्य अवसर ज्याला मिळाला त्याने तो लाथाडला, असे दाखविल्यावाचून लेखकाला आपल्या नायकाचा मोठेपणा पुरता वाटत नाही. वस्तुतः त्या ह्यूरनाने कपट न करताही झुंज होऊ शकली असती, आणि प्रसंग अधिक भयंकर झाला असता. मरणाऱ्या योद्ध्याला नॅटी पाणी पाजतो आणि तो त्याला ‘हॉकआय’ हे नाव देतो. हा शेवट हृद्य आहे, पण त्यानेही वरील हिशेब पुसला जात नाही. या मालेच्या नैतिकतेविषयी बोलताना टीकाकारांनी एकतर हा सगळा प्रसंग उदात्त म्हणून मिरविला आहे किंवा वंशभेदाचा नमुना म्हणून बाजूला सारला आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्ध्या मिनिटात घडतात, हे सोडून चालणार नाही.

नॅटीला त्याची पहिली मोठी रायफल याच पुस्तकात मिळते. ‘किलडीअर’ हे तिचे नाव. ती म्हाताऱ्या हटरची. जूडिथ ती त्याला देते. तिच्या प्रेमाचा तो नजराणा असतो, आणि नॅटीचे लक्ष मात्र जूडिथहून बंदुकीकडे अधिक, हा विनोद कूपरला हेतुतः साधावयाचा होता की नाही हे सांगणे कठीण आहे. त्यापूर्वी हटरच्या पेटीतून निघालेल्या पिस्तुलांचा एक प्रसंग आहे. ती कित्येक वर्षे भरलेलीच पडलेली असतात. ती झाडून पाहताना एक फुटून तिचे तुकडे उडतात. भरून ठेवलेला बार विसरणे यासारखा बेपर्वाईचा प्रकार नाही, हा धडा कथेत असा घातला आहे की तो धडा वाटत नाही. कारण हटरने पेटीत आणखी काय काय भरून ठेवले आहे आणि ते कोणाच्या हातात फुटणार आहे, याचीच ती कथा आहे.

आणि मग गरुडाचा प्रसंग. नवी बंदूक हाती आल्यावर नॅटी आणि त्याचा मित्र चिंगाचगूक तिची परीक्षा पाहतात, आणि उंच घिरट्या घालणारा गरुड नॅटी खाली पाडतो. गरज नव्हती, मांस खावयाचे नव्हते, केवळ बंदूक किती लांब मारते हे पाहावयाचे होते. लगेच त्याला पश्चात्ताप होतो. टीकाकार या पश्चात्तापाकडे निसर्गभक्तीचा उमाळा म्हणून पाहतात. मला त्यात निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहिलेला दिसतो : चांगले हत्यार हाती आले की त्याच्या चांगलेपणासाठीच ते चालवावेसे वाटते. नवख्या शिकाऱ्याचा हा जुना रोग आहे.

असाच पश्चात्ताप ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये, १७५७ च्या युद्धात, ग्लेन्स फॉल्सच्या गुहांपाशी होतो. झाडाच्या फांदीला लोंबकळणारा एक ह्यूरन जखमी झालेला आहे, तो पडणार हे निश्चित आहे. नॅटी त्याच्या यातना संपवावयास एक बार झाडतो, आणि मग लक्षात येते की तो शिंगातला शेवटचा बार होता. दारूचे मोठे शिंग होडीत आहे, आणि ती होडी तेवढ्यात शत्रू पोहत येऊन प्रवाहात लोटतो. दयेने झाडलेल्या एका बारामुळे सर्वांचा जीव धोक्यात येतो आणि नॅटी स्वतःला पोरकटपणाबद्दल दोष देतो. दया चूक होती का? कूपर उत्तर देत नाही, ही त्याच्यासारख्या बोलघेवड्या लेखकाकडून अपेक्षा नसलेली गोष्ट आहे.

‘द पाथफाइंडर’मध्ये मात्र ही शिस्त साफ सुटते. तेथील नेमबाजीच्या सामन्यात शंभर यार्डांवरील खिळ्याचे डोके हाणले जाते, आधीच्या गोळीच्या भोकातच पुढची गोळी जाते. ट्वेनने विचारले की एवढ्या अंतरावरून खिळा दिसला कोणाला, आणि आजवर त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही. परंतु दोष डोळ्यांच्याही आधीचा आहे. या सामन्यात बंदुका जणू आपोआप भरलेल्या असतात. बार आणि बार यांमधील अवकाश नाहीसा झाला की गोळी स्वस्त होते. गोळी स्वस्त झाली की तिला किंमत आणण्यासाठी लेखकास चमत्कार करावा लागतो. ट्वेनने ज्याची थट्टा केली तो अतिशयोक्तीचा दोष या मूळ दोषातून निघालेला आहे. ज्या प्रसंगांत बार भरण्याची क्रिया दिसते तेथे कूपरची नेमबाजीही विश्वसनीय राहते, हे कोणीही पडताळून पाहावे.

यावरून असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो, आणि काहींनी तो काढलाही आहे, की नॅटीचा संयम हा त्याच्या एकबारी बंदुकीचा गुण आहे. हत्यार संथ म्हणून माणूस सावध. हा सिद्धान्त ‘द पायोनिअर्स’मधील कबुतरांच्या प्रकरणापुढे टिकत नाही. वसंतात प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून जातात, आणि सारे गाव मिळेल ते हत्यार घेऊन तुटून पडते. रिचर्ड जोन्स एक छोटी तोफ छर्ऱ्यांनी भरून आणतो. ती तोफही ठासणीचीच आहे. गावातली प्रत्येक बंदूक ठासणीची आहे. भरावयास सर्वांना सारखाच वेळ लागतो, आणि तरीही जमीन पाखरांनी भरून जाते. नॅटी एक कबुतर एका गोळीने पाडतो, उचलतो आणि निघून जातो. या पक्ष्याची अखेरची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आणि नॅटी ज्या हरणासाठी तुरुंगात गेला ते त्याने सुऱ्याने मारले होते, हे वर आलेच आहे. हत्यार बार भरण्याइतका अवकाश देते. त्या अवकाशात काय करावयाचे हे हत्यार सांगत नाही.

हा मुद्दा केवळ वाङ्मयीन नाही, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद झाली, आणि मराठी वाचकाला हा विषय आता वाचण्यापुरताच उरला आहे. अमेरिकेत मात्र अनेक राज्ये ठासणीच्या बंदुकांसाठी हरणाच्या शिकारीचा निराळा हंगाम राखून ठेवतात. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू केला. त्यात किमान ०.४४ इंच व्यासाची, चकमकीचीच बंदूक लागते. कूपरच्या ऑट्सीगो तळ्याभोवतीही नेहमीच्या हंगामानंतर असा काळ येतो. या हंगामांमागे जो विचार आहे तो वरील सिद्धान्तासारखाच आहे : संथ हत्यार दिले की शिकारी जवळ जाईल, एकदाच मारील, आणि चुकला तर हरणाला सुटण्यास वेळ मिळेल. परंतु बाजाराने ठासणीची बंदूक अशी सुधारली की बुडाशी सरळ ठिणगी देणारी टोपी, मोजण्याची जरूर नसलेल्या दारूच्या वड्या, लांबट गोळी आणि दुर्बीण यांनी ती काडतुसाच्या रायफलीच्या शेजारी जाऊन बसली. अनेक राज्यांत ती या हंगामात चालते, आणि जुन्या पद्धतीचे शिकारी त्यावर कुरकुरतात. त्यांची कुरकुर मला समजते. पण न्यायाधीश टेम्पलची बंदूकही जुन्या पद्धतीचीच होती. वडी मोजावी लागत नाही म्हणून ती आपल्या बंदुकीस किती सोसते हे विचारणेच जो सोडून देतो, त्याच्यापेक्षा गजावर खूण करून दर वेळी ती पाहणारा, मग त्याची बंदूक कोणत्याही बनावटीची असो, नॅटीच्या अधिक जवळचा आहे.

शेवटी या कादंबऱ्या मराठीत आणू पाहणाऱ्यासाठी एक सूचना. सातव्या प्रकरणातील तो हात मूळ इंग्रजीत ज्या दोन वस्तू चाचपडतो त्यांना मराठीत शिंग आणि माप हे सरळ शब्द आहेत. कोशात पाहून घाईने भाषांतर करणारा दुसऱ्या वस्तूसाठी ‘काडतूस’ लिहून मोकळा होण्याचा संभव आहे, कारण आजच्या वाचकाला तो शब्द ओळखीचा आहे. काडतूस लिहिले तर नॅटीला ते नळीत सारण्यास क्षणभर पुरेल, योद्धा चाळीस फुटांवर असतानाच दुसरा बार उडू शकेल, आणि मग परशू फेकला जाईपर्यंत तो तसाच का उभा राहिला, याचे कोणतेही कारण त्या मराठी पानावर उरणार नाही.